पाठीवरचे बिऱ्हाड

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपल्याकडे कोणी कौतुकाने वापरल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ज्याला एका जागी टिकता आले नाही, ज्याच्या नावावर चार भिंती नाहीत, ज्याची भांडीकुंडी सदैव बोचक्यात बांधलेली, अशा माणसासाठी ती राखून ठेवलेली आहे. मुलगी देताना वडीलधारी मंडळी वराचे घर स्वतःचे की भाड्याचे हे आधी विचारीत, त्यामागेही हीच म्हण उभी असे. मौज अशी की, इंग्रजी शिकलेला माणूस हीच स्थिती 'कॅराव्हॅन' या नावाने ऐकतो आणि तिच्यावर लुब्ध होतो. मी तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलो आहे. तेव्हा या लुब्धांत माझीही गणना करण्यास हरकत नाही.

शब्द मूळचा फारसी. वाळवंटातून उंटांची रांग चालली म्हणजे ते 'कारवान'. इंग्रजांनी तो उचलला, त्याला चाके लावली, खिडक्यांना पडदे लावले आणि उंट मात्र वगळले. आपल्याकडे या वस्तूला 'तांडा' हा अस्सल शब्द होता. लमाणांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दख्खनभर फिरत, आणि मोगलांपासून इंग्रजांपर्यंत येथे लढणाऱ्या फौजांचे पोट त्यांच्यावर अवलंबून असे. पुढे रेल्वे आली आणि तांडे जागच्या जागी बसले. परंतु त्याहीपूर्वी, हजारएक वर्षांमागे, हिंदुस्थानातून काही लोक असेच पाठीवर बिऱ्हाड घेऊन पश्चिमेकडे निघाले ते परत आलेच नाहीत. युरोपात त्यांना 'जिप्सी' म्हणू लागले. ते स्वतःला रोमा म्हणवितात. त्यांच्या भाषेत आकडे मोजताना अजून एख, दुई, त्रिन, श्तार, पांज असे मोजतात, पाण्याला पानीच म्हणतात आणि आगीला याग. हा भाषेचा नातेसंबंध युरोपातील पंडितांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ओळखला. तेव्हा कॅराव्हॅन परदेशी नेण्याचा पहिला मान कोणाचा, हा प्रश्न इंग्लंडात सोडविण्याचे कारण नाही.

इंग्लंडात झाले ते इतकेच की, गरिबाची गरज श्रीमंताची हौस बनली. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका माजी नौदल वैद्याने 'वाँडरर' नावाचे दोन घोड्यांचे फिरते घर ब्रिस्टल येथे बांधवून घेतले आणि त्यातून तो थेट स्कॉटलंडच्या उत्तरेकडे इन्व्हर्नेसपर्यंत गेला. केवळ मौजेखातर घर ओढीत हिंडणारा पहिला सभ्य गृहस्थ म्हणून त्याचे नाव घेतात. त्याचे अनुकरण करणारे इतके निघाले की, १९०७ साली त्यांचा रीतसर क्लबच स्थापन झाला. ही सारी हकीकत मी एका रात्री जेवणानंतर आमच्या सौभाग्यवतींस मोठ्या रंगात सांगितली. त्यांनी शांतपणे विचारले, "त्याच्याबरोबर कोण कोण होतं?" मी सांगितले की, एक गाडीवान होता आणि एक नोकर होता, तो नोकर तीनचाकी सायकलीवर बसून गाडीच्या पुढे जाई आणि रस्ता मोकळा आहे की नाही हे पाही.

"आणि आपल्या गाडीत तो नोकर कोण?" त्या म्हणाल्या.

हा प्रश्न मी येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढील सर्व प्रवासाचे मर्म त्यात आहे.

आम्ही वारज्यास राहतो. १९९७ साली हे गाव पुणे महानगरपालिकेत आले आणि आम्ही त्यानंतर चार वर्षांनी आलो. गावाच्या अंगावरून मुंबई-बंगळूरचा बाह्यवळण महामार्ग जातो. आमच्या गच्चीवरून रात्री पाहिले तर दिव्यांची एक अखंड माळ दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत असते. शेजारी त्या आवाजाबद्दल तक्रार करतात. मला त्याची गंमत वाटत आली आहे. तामिळनाडूचा मालमोटारवाला, राजस्थानचा मालमोटारवाला, यांच्या टपामागच्या फळीवर त्यांची वळकटी असते, आरशाखाली देव असतो आणि फळीखाली स्टोव्ह असतो. यांनी स्टेबल्सचे नावही ऐकलेले नाही, आणि त्याच्या क्लबचे सभासदत्व यांना कोणी दिले नसते.

परंतु नुसत्या गमतीने पन्नाशी उलटलेला प्राध्यापक फिरते घर बांधीत नाही. आम्ही ते बांधले आईसाठी.

आई ब्याऐंशी वर्षांची. तिची एकच इच्छा राहिली होती, ती पशुपतिनाथाच्या दर्शनाची. पुण्याहून दिल्ली आणि दिल्लीहून काठमांडू, असे विमानाने एका दिवसात जाता येते हे मी तिला अनेकदा सांगितले होते. ती म्हणे, "मला विमानाची भीती नाही रे, जिन्यांची आहे." चार वर्षांपूर्वी ती आमच्याच स्वयंपाकघरात घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. काठी घेऊन ती घरात हिंडते. पण दहा मिनिटांहून अधिक उभे राहवत नाही आणि उंच पायरी चढवत नाही. परक्या हॉटेलातील न्हाणीघराचा उंबरठा, घसरडी फरशी, आधाराला काही नसणे, या गोष्टी तरुण माणसाच्या ध्यानातही येत नाहीत. वृद्ध माणसाचे सगळे भूगोलज्ञान त्यांभोवती फिरते.

पण त्या पडण्याचा याहून मोठा परिणाम वेगळाच होता, आणि त्याविषयी घरात कोणी बोलत नसे. तिचे स्वयंपाकघर सुटले. तिला तेथून कोणी काढले नाही, ओट्याने काढले. आमच्या पिढीने चूल जमिनीवरून उचलून कमरेइतक्या उंचीच्या दगडी ओट्यावर ठेवली आणि बायकांची पाठ वाचविली, हे खरे. परंतु ज्याला उभे राहवत नाही त्याला त्या ओट्यावर जागा नाही, याचा विचार बांधणाऱ्याने केलेला नव्हता. साठ वर्षे ज्या बाईने रोज दोन वेळा दहा-दहा माणसांचे रांधले, ती आता आपल्या खोलीतून "मीठ घातलंस का गं?" असे विचारी आणि सौभाग्यवती "घातलं हो, आई" असे उत्तर देत. दोघींच्याही आवाजात काही वावगे नसे. तरीही तो प्रश्न मी ऐकला की हातातील पुस्तक खाली ठेवीत असे.

आईच्या स्वयंपाकघराची कथा जुनी आहे. १९६१ साली मे महिन्यात तिचे लग्न झाले आणि १२ जुलैस पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे. नदीकाठच्या पेठेतील दोन खोल्यांचा तिचा दोन महिन्यांचा संसार मुठेने नेला. चार दिवसांनी चिखलात एक पितळेचे तपेले सापडले, एवढेच काय ते उरले. पुढे काही वर्षे निसन हटमध्ये, मग वाड्यात, मग आणखी एका वाड्यात अशी पाच बिऱ्हाडे झाली. विंचवाची म्हण आमच्या घरी कोणी उच्चारली की ती म्हणे, "विंचवाला निदान पाठ तरी असते."

तर असे ते घर. आता गाडी. आमच्या पुण्यात आकुर्डीस फोर्स मोटर्सचा कारखाना आहे; जुने पुणेकर तिला अजून बजाज टेम्पोच म्हणतात. त्यांची 'ट्रॅव्हलर' नावाची लांबट, उंच पाठीची गाडी आपण शाळेच्या आणि वऱ्हाडाच्या मंडळींनी भरलेली नेहमी पाहतो. तसली एक जुनी गाडी घेतली आणि शिवण्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तिचे घर करविले. दोन बिछाने, तिसरा घडीचा; टपावर उन्हातून वीज घेणारी तावदाने; खाली शंभर लिटर पाण्याची टाकी; बसण्याच्या फळीशेजारी विजेची शेगडी; आणि मागील कोपऱ्यात, आईच्या मापाचे, दोन्ही बाजूंस धरायला दांड्या असलेले शौचकूप. सुतार हुशार होता. त्याने आईला खुर्चीवर बसवून तिच्या गुडघ्याची उंची मोजली आणि सगळ्या फळ्या त्या मापाने बसविल्या. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीत केलेला बदल नोंदणीपुस्तकात चढवून घ्यावा लागतो. तो चढविण्यास जितके दिवस लागले तितक्यात स्टेबल्स इन्व्हर्नेसला जाऊन परत आला असता, पण चढला.

कागदपत्रांचे म्हणाल तर नेपाळ हा फार सोपा परदेश आहे. गाडी घेऊन इराण किंवा युरोप गाठायचे तर 'कार्ने' नावाचे चोपडे लागते. आपण ही गाडी तेथे नेऊन विकणार नाही, परत आणू, अशी ती हमी असते. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनसारख्या संस्था ती देतात आणि त्यापोटी जबर अनामत ठेवावी लागते. नेपाळला यातले काही नको. आपल्याला व्हिसा नको, गाडीला चोपडे नको. सरहद्दीवर दिवसाच्या हिशेबाने जकात भरली की झाले. विमा मात्र वाढवून घ्यावा. आपल्या मोटार विम्यात थोडे अधिक पैसे भरून क्षेत्रविस्तार करता येतो, आणि तो ज्या देशांपर्यंत करता येतो त्यांची यादी वाचनीय आहे: बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव. मालदीवमध्ये पुण्याची मोटार कोणत्या रस्त्याने जाते हे मी विमा कचेरीतील तरुणास विचारले. त्याने यादी पुन्हा एकदा वाचली आणि माझ्याकडे आदराने पाहिले.

निघण्यापूर्वी सौभाग्यवतींनी आपली अट घातली. त्या बँकेत चौतीस वर्षे काम करून निवृत्त झालेल्या. करार स्पष्ट शब्दांत असावा असा त्यांचा आग्रह असतो. "चहा करीन. त्यापलीकडे त्या शेगडीला मी हात लावणार नाही. घर सोडून जायचं म्हणता आणि स्वयंपाकघर बरोबर घेता. मग सुटका कुणाची झाली? तुमची." मला या म्हणण्यात उणे काढण्यासारखे काही दिसले नाही आणि आजही दिसत नाही. फिरत्या घरांची जाहिरात करणारी चित्रे पाहावीत. पुरुष आरामखुर्चीत बसून डोंगर पाहतो आहे, आणि दारातून एक हसरी बाई ताट घेऊन येते आहे. डोंगराकडे तिची पाठ असते. करार मान्य झाला. वाटेत खाणावळींतून जेवायचे ठरले. आई काही बोलली नाही. तिने फक्त तपेले बरोबर घेतले, आणि लोखंडी कढई.

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही निघालो. नगर, संभाजीनगर, तेथून समृद्धी महामार्गाने नागपूर, मग जबलपूर, रीवा, काशी, गोरखपूर, असा सरहद्दीपर्यंत सुमारे पावणेदोन हजार किलोमीटरांचा पल्ला. समृद्धी महामार्गाविषयी सांगण्यासारखे एवढेच की तो सरळ आहे. नागपूरच्या उत्तरेस पेंचच्या अरण्यात रस्ता उंच खांबांवर घेतला आहे, कारण खालून वाघाने जावे आणि वरून माणसाने. आईला ही व्यवस्था फार पसंत पडली. "आपापल्या वाटेनं जावं," ती म्हणाली.

पहिले दोन दिवस तिने खाणावळीत जवळजवळ काही खाल्ले नाही. दही, केळी, थोडा भात. तक्रार नाही, रुसवा नाही, तिखट सोसत नाही एवढेच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही रीव्याच्या अलीकडे एका पेट्रोलपंपाच्या आवारात, मालकाच्या परवानगीने, मुक्काम केला. सौभाग्यवतींचे डोके दुखत होते. त्या मागील बिछान्यावर पडल्या होत्या. मी बाहेर चाकांतील हवा पाहात होतो. तोच आतून फोडणीचा वास आला.

हिंगाचा आणि मोहरीचा तो वास मध्य प्रदेशातल्या त्या पंपावर, डिझेलच्या वासातून वाट काढीत आला, तेव्हा मी क्षणभर हातातील मापक विसरलो. दारातून डोकावून पाहिले. आई फळीवर बसली होती. शेगडी तिच्या कोपराच्या उंचीवर, पाणी उजव्या हाताशी, डबे डाव्या हाताशी. कशासाठी उठायला नको, कोणास काही मागायला नको. आमच्या घरच्या स्वयंपाकघरात जी पाच पावले तिला पाच कोस झाली होती, ती येथे मुळी नव्हतीच. ती पिठले ढवळीत होती. वर न पाहता मला म्हणाली, "तुझी ही शेगडी शहाणी दिसते, पण भांडी ओळखत नाही." विजेच्या त्या शेगडीवर लोखंडच तापते, पितळ तापत नाही. त्रेसष्ट वर्षांपूर्वी मुठेने परत दिलेले तपेले तिने आधी ठेवून पाहिले होते आणि शेगडीने ते नाकारले होते. ते तिने पाण्यासाठी ठेवले आणि कढईस काम दिले. लोखंडी कढईतले पिठले कसे लागते हे मराठी वाचकास सांगण्याची आवश्यकता नाही.

मागून सौभाग्यवती उठून आल्या. त्यांनी पाहिले, काही बोलल्या नाहीत, आणि सासूच्या समोर घडीच्या स्टुलावर बसल्या. आईने त्यांना ताट वाढून दिले. मग त्यांच्याकडे पाहून विचारले, "मीठ बरोबर आहे का गं?" माझ्या आठवणीप्रमाणे चार वर्षांत हा प्रश्न प्रथमच या रूपात आला होता. "आहे हो, आई," सौभाग्यवती म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी भात मागून घेतला.

त्या दिवसापासून स्वयंपाकघर आईचे झाले. करार मोडला नाही. करारात तिचे नावच नव्हते. काशीस आम्ही दोन दिवस राहिलो. तेथील मराठी घाट, अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात पुन्हा उभे केलेले विश्वनाथाचे मंदिर, त्यासभोवती अलीकडे झालेली मोठी मोकळी जागा, यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आईचे लक्ष तेथील वांग्यांकडे अधिक होते.

सुनौलीची सरहद्द पाहून कोणाही सुशिक्षित माणसाची निराशा व्हावी. परदेश म्हणजे मध्ये समुद्र हवा, निदान काटेरी कुंपण आणि संशयी मुद्रा हव्यात. येथे एक बाजार आहे, त्यात एक कमान आहे; सायकलरिक्षा, हमाल, शाळेची मुले आणि शेळ्या तिच्याखालून येतात-जातात, आणि कमानीच्या पलीकडे तोच बाजार पुढे चालू राहतो. गाडीवाल्यास मात्र थांबावे लागते. जकातीच्या कचेरीवर 'भन्सार' अशी पाटी होती. ती आईने मोठ्याने वाचली. मग पुढची वाचली, मग त्यापुढची: 'प्रहरी', 'यातायात', 'प्रवेश निषेध'. तिचा आवाज चढत गेला. माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. वारज्याच्या रस्त्यावर दुकानांच्या कितीतरी पाट्या इंग्रजीत. मराठी असली तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत. आई सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरे तिला ओळखू येतात, वाचवत नाहीत. आपल्या राहत्या गावात जिला पाट्या वाचता येत नाहीत, ती परदेशात पाऊल टाकताच सगळे काही वाचू लागली होती. समोरून एक मोटार गेली तर तिच्या नंबराची पाटीसुद्धा नागरी अक्षरांत. "अरे, इथं मोटारींनासुद्धा मराठी येतं," ती म्हणाली.

जकातीचा तरुण अधिकारी कागद घेऊन गाडीजवळ आला. नोंदणीपुस्तकातील वर्णन आणि समोरची वस्तू यांची सांगड त्याला लागेना. त्याने हिंदीत विचारले, "ये गाड़ी है कि घर?" मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो. दोन्ही म्हटले तर दोन जकाती भराव्या लागतील की काय, असेही मनात आले. इतक्यात दार सरकवून त्याने आत पाहिले. आई चहा करीत होती. तिने त्याच्याकडे असे पाहिले की जणू तोच वारज्यास आमच्या दारी आला आहे, आणि एक पेला त्याच्यापुढे धरला. त्याने टोपी काढली. "आमा," तो म्हणाला, आणि पायरीवर बसून चहा प्याला. नेपाळीत आईला आमा म्हणतात. पुढे महिन्याचे पंधरा दिवस आम्ही त्या देशात होतो, तेवढ्यात तिला या नावाने किती जणांनी हाक मारली याची गणती नाही. स्वयंपाकघराला नेपाळीत 'भान्सा' म्हणतात हेही त्याच तरुणाने सांगितले. भन्सार आणि भान्सा यांच्या व्युत्पत्तीच्या वाटेस मी जात नाही. परंतु एकातून आमची सुटका दुसऱ्याने केली ही गोष्ट खरी.

नेपाळचे घड्याळ आपल्या पुढे पंधरा मिनिटे आहे. मी माझे बदलले. सौभाग्यवतींचा फोन आपोआप बदलला. आईने साफ नाकारले. "पंधरा मिनिटांकरता घड्याळाला कशाला त्रास?" सबंध प्रवासात आमच्या त्या सहा मीटर लांबीच्या घरात दोन वेळा चालू होत्या, आणि जेवण आईच्या वेळेने होई.

पहिला मुक्काम लुंबिनीस, एका धर्मशाळेच्या अंगणात. सकाळी बुद्धाच्या जन्मस्थानी गेलो. तेथे अशोकाने उभारलेला स्तंभ आहे; १८९६ साली त्यावरील लेख उजेडात आला. राज्याभिषेकास वीस वर्षे झाल्यावर राजा येथे स्वतः आला, बुद्ध येथे जन्मला म्हणून त्याने या गावचा कर माफ केला आणि उत्पन्नाचा केवळ आठवा हिस्सा ठेवला, असा त्याचा मजकूर आहे. बावीसशे वर्षे उन्हापावसात उभा असलेला हा दगड कोणत्याही तत्त्वज्ञानाविषयी बोलत नाही, करसवलतीविषयी बोलतो. आदल्याच दिवशी जकात भरून आलेल्या माणसास तो फार जवळचा वाटला. सौभाग्यवतींनी आठवा हिस्सा म्हणजे साडेबारा टक्के हे चटकन सांगितले.

लुंबिनीच्या आसपासचा तो सपाट मुलूख म्हणजे तराई. आता तेथे भातशेती आणि विटांच्या भट्ट्या आहेत. पूर्वी साल वृक्षांचे आणि हिवतापाचे अरण्य होते. १८५९ च्या सुरुवातीस याच पट्ट्यातून एक मराठी बिऱ्हाड नेपाळात शिरले. नानासाहेब पेशवे, त्यांचे बंधू बाळासाहेब, घरातील स्त्रिया, नोकरचाकर, उरलीसुरली फौज. मागे इंग्रज, पुढे ज्वराने भरलेले रान. नेपाळचे जंगबहादूर राणा इंग्रजांचे मित्र. त्यांनी स्त्रियांना काठमांडूत आश्रय दिला, पण नानासाहेबांना उघड थारा देणे त्यांना शक्य नव्हते. बाळासाहेब त्या रानातच वारले. नानासाहेबांचे काय झाले याचा निर्विवाद निर्णय इतिहासाने अद्याप दिलेला नाही. आपल्याकडे या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. जवाहिरांचे काय झाले, पत्रांत काय होते, मृत्यूची बातमी खरी की हूल. रात्री धर्मशाळेच्या अंगणात आईने उकडलेल्या बटाट्याचे काप परतले, त्या वेळी माझ्या मनात आले की त्या छावणीत चूल कोण पेटवीत होते, ओले सरपण कसे जळत होते, शनिवारवाड्याच्या आठवणी घेऊन ब्रह्मावर्तास आणि तेथून या रानात आलेल्या त्या स्त्रिया दिवसभराच्या चालीनंतर काय शिजवून खात होत्या, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. मी हे आईस बोलून दाखविले. ती म्हणाली, "भात असणार. तांदूळ भिजला तरी खाता येतो." पुरात वाहून गेलेल्या संसाराचा अनुभव असलेल्या बाईचे हे मत मी इतिहासाचे साधन म्हणून ग्राह्य धरतो.

पुढचा रस्ता बुटवल, नारायणघाट, मुगलिन असा. बुटवलपासून रुंदीकरणाचे काम चालू होते आणि धूळ इतकी की दुपारी दिवे लावावे लागले. मुगलिनपासून त्रिशूलीच्या काठाने चढण लागते. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास खोल हिरवी नदी. नागढुंग्याच्या घाटात गाडी पहिल्या गिअरवर, मालमोटारींच्या रांगेत, मुंगीच्या पावलाने चढली. येथे मला वारज्याच्या गच्चीवरून दिसणाऱ्या त्या दिव्यांच्या माळेतला एक दिवा झाल्यासारखे वाटले. पशुपतिनाथाचे दर्शन झाले. सकाळी लवकर, गर्दी नसताना, चाकाच्या खुर्चीवरून. तेथील मुख्य पुजारी परंपरेने दक्षिण हिंदुस्थानातून, कर्नाटकाकडून येतात हे कळल्यावर आईला समाधान वाटले. "म्हणजे आपल्या बाजूचेच," ती म्हणाली. बाहेर बागमतीच्या घाटावर चिता जळत होत्या. ती बराच वेळ तिकडे पाहात बसली. मी परत निघू या का, असे विचारले. तिने हात वर करून मला गप्प केले. काही वेळाने म्हणाली, "मुळा शोधायला हवा. काल बाजारात छान दिसला."

परतीच्या प्रवासाविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. सुनौलीस तो तरुण अधिकारी रजेवर होता. आईने त्याच्यासाठी म्हणून राखलेला लाडू दुसऱ्या कोणास दिला.

वारज्यास पोहोचल्यावर आठवड्याच्या आत सौभाग्यवतींनी त्या शिवण्याच्या सुतारास बोलाविले. ओट्याची एक बाजू तोडून ती आईच्या मापाने खाली घ्यायची, तेथे फळी आणि विजेची शेगडी बसवायची, असा त्यांचा बेत होता. त्यांनी तो मलाही आधी सांगितला नव्हता. सुतार टेप काढून माप घेऊ लागला. आई काठी टेकीत दारापर्यंत आली आणि हा काय प्रकार आहे ते तिने विचारले. सौभाग्यवतींनी सांगितले.

"मला कशाला?" आई म्हणाली. "घरी तू आहेस की."

"तुम्हाला आवडतं म्हणून, आई."

"आवडतं ते तिकडे. इथं बसून मी तुझ्या पायात येईन."

दोघींचे बराच वेळ चालले. सुतार मधेच थांबून माझ्याकडे पाही. मी खिडकीबाहेर पाही. शेवटी ओटा तोडायचा नाही, पण एक उतरती फळी भिंतीस बसवायची, हवी तेव्हा खाली घ्यायची, नको तेव्हा वर, असे ठरले. ती बसली आहे. आतापर्यंत दोनदा खाली आली आहे. दोन्ही वेळा सौभाग्यवती बाहेर गेल्या होत्या.

गाडी इमारतीच्या खाली उभी आहे. तिच्या जागेबद्दल सभासदांच्या बैठकीत एकदा विषय निघाला आणि पुढील बैठकीवर गेला. परवा सौभाग्यवतींनी सगळी भांडी वर आणून घासली. तपेले माळ्यावर गेले. कढई त्या फळीखालच्या खणात ठेवू लागल्या तेव्हा आईने खोलीतून विचारले, "कुठं ठेवलीस गं कढई?"

"इथंच, खालच्या खणात."

"ती गाडीतली आहे," आई म्हणाली. "गाडीत ठेव."